सांगलीतलं जुनं घर भाड्याला तयार करताना

गावभागात किंवा खणभागात जुनं घर भाड्यानं देण्यासाठी घ्यायचं तर फरशी-रंगाचा विचार मी नंतर करतो. आधी बघतो ती पुराची रेघ, म्हणजे पाणी भिंतीवर जिथवर चढलं त्याची खूण. इर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. विकणाऱ्यानं रंग देऊन रेघ झाकलेली असते, पण आत किती पाणी होतं ते शेजारी बरोबर सांगतात. पुढचा खर्च सगळा त्या उंचीवर ठरतो.

रेघेच्या वर दीड फुटापर्यंतचा गिलावा मी विटेपर्यंत काढायला लावतो. गवंडी म्हणतो, "वरनं पुट्टी मारतो, काय दिसायचं न्हाई." खरंच दिसत नाही, पण पहिल्या पावसाळ्यापर्यंतच. विटेत मुरलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, ते पृष्ठभागावर सुकून फुगतात आणि लोणा धरून रंगाचे पोपडे सुटतात. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि वर चढून गिलावा संपतो तिथे फुटते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीला आतून १:५ मालाचा (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) १२ मिलिमीटर थर पुरतो; शंभर चौरस फुटांना साधारण एक पोतं सिमेंट आणि सहा घनफूट चाळलेली वाळू लागते. वर सात दिवस पाणी मारायचं.

घाई नडते ती गिलावा काढल्यावर. भिंत महिन्याला जेमतेम इंचभर सुकते, असा ढोबळ अंदाज धरावा. फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. आतून दव धरलं तर अजून थांबायचं. म्हणून फोडाफोड दिवाळी झाली की सुरू करावी. हिवाळा-उन्हाळा भिंतीला मिळतो आणि घर जूनच्या आत तयार होतं.

पुरात बुडालेलं वायरिंग मी ठेवत नाही. पाइपात गाळ आणि ओल राहते, स्विच आतून गंजतात. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. ही आरसीसीबी माणसाचा जीव वाचवते, तिथे काटकसर करूच नये. जमेल तिथे वितरण पेटी आणि प्लग रेघेच्या वर घ्यावेत आणि वायर जमिनीतून वर न आणता छताकडून खाली उतरवावी. दोन बिऱ्हाडं असतील तर मीटर वेगळे, नाहीतर दर महिन्याला बिलावरून वाद ठरलेला.

न्हाणीत टाइल बसवण्याआधी नव्या पाइपांत दाब देऊन चोवीस तास ठेवावं. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी साठवून खालची आणि बाजूची भिंत बघावी. उतार पाच फुटांना एक इंच.

आता पैशांचं. पावणेदोन लाखांच्या मॉड्यूलर किचननं भाडं महिन्याला हजारानं वाढत असेल, तर तो खर्च फिटायला साडेचौदा वर्षं लागतात, आणि एक पूर आला की प्लायवूड फुगून संपलं. कडाप्प्याचा ओटा आणि खाली उघडे फळ्यांचे कप्पे बरे. उरलेले पैसे गच्चीच्या कोब्यात घालावेत. आयकरात भाड्यातून मालकानं भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर त्याहून जास्त गेले तरी वेगळं काही मिळत नाही. घरात नवी भर घालणाऱ्या कामाची बिलं मात्र जपावीत, घर विकताना भांडवली नफा काढायला ती लागतात.

करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवणं आपल्यावर येतं. पुराचा इशारा आल्यावर सामान कोण हलवणार आणि मोटर कोण काढणार, तेही करारात लिहून घेतो. मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो किल्ली देतानाच काढून दोघांकडे ठेवायचे.