आमची वाटचाल : समीकरणाशिवाय बॉयलर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. साखर कारखान्यांच्या बॉयलरचं इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाची उपकरणं बसवणं, हेच आमचं काम. बगॅस म्हणजे उसाचं चिपाड; ते जाळणारा बॉयलर किती लहरी, हे या लाइनमधल्यांना सांगायला नको. मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी, आणि तेही रोज वेगळं. टर्बाइनने एकदम वाफ ओढली की ड्रमचा, म्हणजे बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या टाकीचा, दाब उतरतो, बुडबुडे फुगतात आणि पाणी घटत असतानाच लेव्हल चढलेली दिसते. नुसत्या लेव्हलवर चालणारा पीआयडी, म्हणजे ठरावीक समीकरणाने चालणारा नेहमीचा कंट्रोलर, नेमका तेव्हाच पाणी आत सोडणारा फीडवॉटर व्हॉल्व्ह मिटायला लागतो.

म्हणून आम्ही समीकरणाचा नाद सोडला. वाफ, दाब, ड्राफ्ट (भट्टीतला हवेचा ओढा), व्हॉल्व्हचा सिग्नल यांच्या नोंदी साठवायच्या, आत्ताच्या स्थितीशी जुळणाऱ्या शोधायच्या, आणि त्यांची सरासरी काढायची, जितकी जवळची तितकं वजन जास्त. नादाराया आणि वॉटसन या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली ही रीत.

एका मोठ्या कंपनीच्या माणसाने निविदेच्या बैठकीत सांगितलं, "यांच्याकडे ट्रान्सफर फंक्शनच नाही, सगळा अंदाजपंचे कारभार." ट्रान्सफर फंक्शन म्हणजे बॉयलरचं वागणं मांडणारं समीकरण. काम गेलं. उधारीवर आणलेले पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) पडून राहिले, बँकेचे हप्ते थकले, शिकवून तयार केलेली पोरं सोडून गेली. दाबमापकं तपासायचा डेडवेट टेस्टर विकावा लागला. उपकरणांचा विजेचा सिग्नल तपासणारा लूप कॅलिब्रेटर तेवढा विकला नाही. तो हातात असला की चार ते वीस मिलिअँपियरच्या त्या सिग्नलमध्ये कोण खोटं बोलतंय ते कळतं.

तेव्हा एका कारखान्याचे चीफ इंजिनिअर म्हणाले, "तुमचं पॅनेल माझ्या बॉयलरवर बसवा, पण नुसतं बघू दे, व्हॉल्व्हला हात नको." ऐन हंगामात पॅनेल दाखवू लागलं, की तेवढ्याच पाण्याला व्हॉल्व्हचा सिग्नल नेहमीपेक्षा जास्त लागतोय. लेव्हल ठीक, अलार्म एकही नाही. साहेबांनी तरी व्हॉल्व्ह तपासायला लावला. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं, गळती रोखणारं ग्लँड पॅकिंग इतकं आवळलेलं, की तो दांडा, म्हणजे स्टेम, अडकत होता. पुढच्या हंगामाआधी त्यांनी कंट्रोलचंही काम दिलं, तेही ॲडव्हान्ससकट. त्यावर आम्ही उभे राहिलो.

नव्याने या कामात येणाऱ्यांनो, आधी मोजमापाचा सिग्नल पाठवणारे ट्रान्समीटर कॅलिब्रेट करा, मग नोंदी साठवा. 'जवळची' नोंद कशाला म्हणायचं ते नीट ठरवा : पल्ला रुंद ठेवला तर बिघाड सरासरीत बुडतो, अरुंद ठेवला तर कंट्रोलर नुसत्या नॉइजमागे धावतो. आणि जवळची नोंदच नसेल तर सिस्टिमने उत्तर देऊ नये, ताबा ऑपरेटरकडे द्यावा. हे इंटरलॉक लावल्याशिवाय आम्ही पॅनेल पाठवत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

ती मोठी कंपनी आता स्वतःच्या माहितीपत्रकात 'जुन्या नोंदींवरून निदान' असं छापते. त्या निविदेची आमची अनामत रक्कम अजून परत मिळालेली नाही.