निळा न झालेला ठिपका

आठव्या दिवशी सकाळी सात वाजता मी ॲनिमल हाऊसचं दार उघडलं, तेव्हा मामा आधीच येऊन पिंजऱ्यांतलं तूस बदलत होते. "आज कळणार ना मॅडम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आज कळणार."

मामा आमच्या फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं आहेत. त्यांच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. आजार उसळला की दिवसातून दहा-दहा वेळा शौचाला जावं लागतं, रक्त आणि आव पडते. औषधांनी ती बरी होती. पण सासरी रोजच्या गोळ्यांबद्दल कुणाला सांगितलेलं नव्हतं, नुसतं पोट नाजूक आहे एवढंच माहीत होतं. त्यामुळे आतड्याच्या सुजेवर आवळ्याचा अर्क आम्ही तपासणार हे कळल्यावर मामांनी हा प्रयोग आपलाच मानला. आवळे त्यांनीच गावाकडून आणले, बिया काढून वाळवले, आवळकाठी कुटून दिली. वनस्पतितज्ज्ञांकडून नमुना ओळखून घेणं, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढणं, तो आटवणं, या सगळ्यात दीड महिना गेला. प्राणी नीती समितीची परवानगी मिळायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा.

प्रयोगाची पद्धत जगभर वापरतात तीच. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, म्हणजे डीएसएस, मिसळायचं. आम्ही अडीच टक्के घेतलं होतं. सात दिवसांत आतड्याचं अस्तर झिजतं, आतले जिवाणू भिंतीपर्यंत पोहोचतात आणि सूज चढते. एका गटाला साधं पाणी, एकाला नुसतं डीएसएस, एकाला डीएसएस आणि सल्फासॅलाझिन हे कोलायटिसचं जुनं औषध, दोन गटांना डीएसएस आणि आवळ्याचा कमी-जास्त डोस. पाण्याच्या बाटल्याही आम्ही रोज वजन करत होतो. एखादा गट पाणीच कमी प्यायला तर त्याचा आजार आपोआप सौम्य दिसतो, आणि श्रेय अर्काला जातं.

सल्फासॅलाझिनचं नारिंगी द्रावण सिरिंजमध्ये भरताना मी विद्यार्थिनीला दरवेळी त्याची गोष्ट सांगते. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास संधिवातासाठी सल्फाचं औषध आणि सॅलिसिलेट यांची जोडी बांधली. ती कोलायटिसच्या रुग्णांना लागू पडली. जोडीतलं नेमकं काम कोण करतं, हे मात्र १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान आणि ट्रूलव्ह यांनी शोधलं. दोन्ही तुकडे वेगवेगळे करून त्यांनी रुग्णांना एनिमातून दिले आणि गुण सॅलिसिलेटच्या तुकड्याचा निघाला. सल्फाचा भाग त्याला मोठ्या आतड्यापर्यंत पोचवत होता, तिथले जिवाणू ती जोडी तोडत होते. आज मामांची मुलगी जी मेसालामाइनची गोळी घेते, ती म्हणजे तो तुकडाच. गुण कशाचा ते सुटं करून बघायचं, हे मी वर्गात फार कळकळीनं शिकवते.

तर सात दिवस आम्ही रोज तीन गोष्टी मोजल्या: वजन, लेंड्या किती पातळ आहेत, आणि लेंडीत रक्त आहे का. रक्तासाठी ग्वायकचं कार्ड. लेंडीचा ठिपका लावायचा, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. रक्त असेल तर ठिपका निळा होतो. चौथ्या दिवसापासून डीएसएस गटाची कार्डं निळीशार व्हायला लागली. आवळ्याच्या मोठ्या डोसच्या गटात एकही नाही. पाचव्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी नाही. कार्डांवर सांकेतिक क्रमांक होते, पण अर्क पाजलेल्या उंदरांच्या लेंड्या गडद तपकिरी असायच्या, त्यामुळे गट कोणता ते मला दिसतच होतं. त्याच गटाची वजनं उतरत होती. बावीस ग्रॅमचे उंदीर एकोणिसावर आले होते. ते रोजच्या डोसिंगच्या त्रासामुळे असेल, असं मी वहीत लिहिलं. लिहिताना हात अडखळला नाही, हे मला आज बोचतं.

सहाव्या दिवशी, बुधवारी, मी मामांना कार्डं दाखवली होती. "मामा, बघा, एकही निळं नाही!" ते बराच वेळ ती हातात धरून उभे होते.

आठव्या दिवशी भूल देऊन पहिल्या उंदराचं आतडं काढलं. निरोगी उंदराचं मोठं आतडं आठ-नऊ सेंटिमीटर भरतं, सुजलं की आखडतं. डीएसएस गटात सहाच्या आत आलं, ते अपेक्षितच होतं. मग आवळ्याचा मोठा डोस: पाच पूर्णांक नऊ. दुसरा, सहा. तिसरं आतडं उभं चिरून मिठाच्या द्रावणात धुतलं तर आत लालभडक अस्तर, जखमा, आणि चक्क साकळलेलं रक्त. याच उंदराचं कार्ड आदल्या दिवशी कोरं होतं. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पिंजरा बदलला असेल का?" कानावरची खूण तपासली. उंदीर तोच होता.

मी हातमोजे काढले आणि कपाटातून कार्डांच्या खोक्यातलं माहितीपत्रक काढलं. ते मी पूर्वी वाचलेलं होतं. माणसांची तपासणी करताना आधीचे तीन दिवस क जीवनसत्त्व दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, नाहीतर रक्त असूनही कार्ड कोरं राहू शकतं. माणसांसाठीची सूचना म्हणून ती माझ्या डोक्यातून निघून गेली होती. रक्ताला लाल रंग देणारा हीम हा घटक पेरॉक्साइडच्या मदतीनं ग्वायकचं ऑक्सिडीकरण करतो, म्हणून निळा रंग येतो. क जीवनसत्त्व ती क्रियाच मोडतं. आणि आम्ही रोज पाजत होतो आवळा, क जीवनसत्त्व आणि टॅनिनांनी भरलेला. त्याचा अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याचा, गुण किती जोरदार, हे आम्हीच डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग फिका करून दाखवलं होतं, प्रबंधाचं पहिलं प्रकरणच त्यावर होतं.

खात्री करायला पाच मिनिटं लागली. निरोगी उंदराच्या लेंडीत रक्ताचा थेंब कालवला, कार्डावर लावला: निळा. त्याच मिश्रणात अर्काचे दोन थेंब घातले: काही नाही. दोघी घड्याळाकडे बघत उभ्या होतो. ठिपका तपकिरीच राहिला.

मामा दारात होते. त्यांना सगळं दिसलं होतं. "म्हंजे आवळा खोटा, मॅडम?"

"आवळ्याचं अजून काहीच कळलेलं नाही, मामा. आमची तपासणी चुकली. रक्त पडत होतं, आम्हाला दिसत नव्हतं."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "पोरीनं गोळ्या बंद केल्यात. बुधवारीच मी फोन करून सांगितलं तिला. रस घेतीय रोज, दोन्ही वेळा."

मी खाली स्टुलावर बसले. बुधवारचं ते वाक्य माझं होतं, उद्गारासकट. मामांना बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फोन लावायला सांगितला आणि मीच बोलले. ती हळू आवाजात बोलत होती, सासूबाई शेजारच्या खोलीत असाव्यात. गोळ्या आजच, आत्ता पुन्हा चालू कर आणि तुझ्या डॉक्टरांना फोन करून बंद केल्याचं सांग, असं म्हटलं. रक्त दिसतंय का विचारलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही.

"कालपास्नं थोडं दिसतंय," ती म्हणाली. "बाबांना नाही सांगितलं. त्यांनी एवढे आवळे वाळवले."

मामा दुपारच्या एसटीनं तिच्याकडे गेले, डॉक्टरांकडे घेऊन जायला. मी त्यांच्याबरोबर जायचं म्हटलं, ते नको म्हणाले. "तुम्ही हे पुरं करा." आमच्यामागे अजून अकरा उंदीर होते आणि त्यांचे जीव वाया घालवायचा आम्हाला हक्क नव्हता.

ते पुरं केलं. कार्डांचे सगळे आकडे वहीत लाल शाईनं बाद केले, कारण लिहिलं, खाली सही केली. माणसांसाठीची नवी तपासणी मानवी हिमोग्लोबिन ओळखते, उंदरावर ती चालत नाही. म्हणून प्रत्येकाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोजलं. आतड्याचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवले. मायलोपेरॉक्सिडेझ या सूज दाखवणाऱ्या एन्झाइमच्या चाचणीसाठी राखलेले तुकडे दोनदा जास्त धुतले, कारण तीही पेरॉक्साइडवरच चालते आणि ऊतीत अर्काचा अंश राहिला तर तिथेही तोच घोळ. विद्यार्थिनीनं विचारलं, मोठ्या डोसच्या गटाचा तक्ता कुठला ठेवायचा. मी म्हटलं, पोटात जे दिसलं तो.

रात्री नऊ वाजता मामांचा फोन आला. डॉक्टरांनी तपासलं होतं, गोळ्या सुरू केल्या होत्या, जोडीला रात्रीचा एनिमा दिला होता आणि आठवड्यानं पुन्हा बोलावलं होतं. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं, असंही ते म्हणाले. मग विचारलं, "मॅडम, उद्या यायला उशीर होईल. पाणी घालाल ना उंदरांना?"