डावा पाय

"तुमच्या हातची ती कालवड घेऊ का?" असं विचारणारा फोन मोर्शीकडून आला, त्याला तीन दिवस झाले. "सांगतो" म्हणून ठेवून दिला.

कालवड गवळाऊ, म्हणजे विदर्भातल्या देशी जातीची, बावीस महिन्यांची, आमच्या कारंजा तालुक्यातली. पांढरीशुभ्र, अरुंद तोंड, बदामी डोळे. उभी असली की दृष्ट काढावी अशी, आणि चालली की मागून बदक. गवळाऊची ख्यातीच चालीवर. दमणीला जुंपलेले बैल ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. प्रदर्शनाला पाच आठवडे असताना तिला पाळणारा पोरगा दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, कायबी करा, पण इची चाल सुधरवा." मी पशुधन पर्यवेक्षक, डॉक्टर नाही, पण खुरांच्या कामात ही चूक मी दुरुस्त करत नाही.

गुरांच्या कोठ्यात गेल्यावर अर्धं कळलं. सिमेंटचा कोबा, दिवसरात्र दावणीला बांधलेली, आणि अंगावर चकाकी यावी म्हणून रोज तीन किलो कणीक. इतक्या पिठानं पोटात आम्ल वाढतं आणि दुखणं खुरात उतरतं. यूट्यूबवाले हे सांगत नाहीत. कणीक तोडली तेव्हा पोराचं तोंड उतरलं.

मागच्या दोन्ही पायांची, खुराच्या दोन भागांपैकी बाहेरची नखी वाढली होती. गाईचं मागचं वजन मुळातच त्या नखीवर जास्त येतं. ती उंच झाली की जनावर पाऊल बाहेर फेकतं आणि ढोपरं आत घेतं. आमच्या दवाखान्यातला जनावर अडकवायचा खोडा गंजून वाकलाय, मागणीपत्रांची फाईल तेवढी जाड झालीय. म्हणून बाभळीला बांधून, पाय दोरानं उचलून काम केलं. कोरड्या दिवसांत खूर दगड होतं, तेव्हा आदल्या रात्रीच ओली पोती गुंडाळायला लावली होती. नाल मारणारे पकडीनं एका घावात तुकडा पाडतात, ते मला बघवत नाही. मी आतली नखी आधी घेतो, कारण माप तिचं. पुस्तकातली साडेसात सेंटिमीटर लांबी मोठ्या विदेशी गाईंची. आमच्या गवळाऊच्या खुराला ती लावली तर कापायला काही उरतच नाही. इथे अंगठा कामाला येतो. तळवा दाबत जायचं, किंचित दबला की चाकू बंद. मग बाहेरची नखी आतलीच्या बरोबरीला आणायची, वर लाकडी पट्टी आडवी ठेवून बघायची, आणि दोन्ही नख्यांची मधली बाजू उतरती खरवडायची, म्हणजे शेण अडकत नाही. दीड तास लागला. रक्ताचा थेंब नाही.

नंतर रोज सकाळी पांदणीनं चालवणं, मोरकीवर. दोर ताणून तोंड आभाळाकडे नेलं की पाऊल आखूड पडतं, हे पोराला पटायला चार दिवस गेले. मी मागून धुळीतले ठसे बघायचो. पहिल्या दिवशी मागचं खूर पुढच्या ठशाच्या चार बोटं मागे आणि बाहेर पडत होतं. तीन आठवड्यांनी उजवं नेमकं ठशात. डावंही ठशात, पण अर्धा कोस झाला की पुन्हा बाहेर.

पट्टी लावली, नख्या सारख्या. सूज नाही, दाबलं तर दुखत नाही. म्हणजे राहिलेला दोष खुरातला नव्हताच, हाडाच्या ठेवणीतला होता. तेव्हा बाजेवरून पोराचा आजा म्हणाला, "इची माय बी अशीच चालत होती जी." हे आधीच का सांगितलं नाही, तर म्हणे कोणी विचारलंच नाही.

प्रदर्शनात पंचांनी दोन फेऱ्या मारायला लावल्या. दोन फेऱ्यांत कोणती कालवड थकते? दुसरा नंबर आला. गुलाल माझ्याही डोक्यावर पडला, आणि खोटं कशाला बोलू, आवडला. रात्री टेम्पोतून उतरवली तेव्हा ती डावा पाय बाहेर टाकत कोठ्यात गेली. सगळे मोबाईलवर फोटो बघत होते.

मोर्शीवाल्याला तिच्यावर कळप उभा करायचाय. हेटीकुंडीचं सरकारी पशुपैदास प्रक्षेत्र इतकं जवळ, तरी शुद्ध गवळाऊसाठी माणसं गावोगाव हिंडतात. त्याला डावं-उजवं न करता खरं सांगावं, की पोराचा सौदा मोडू नये? खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढतं. माझी कारागिरी चार-सहा महिने दिसेल. वासरांत जाईल ते आजीकडून आलेलं.

आज सकाळी फोन लावला. म्हटलं, या, पण उजाडता या, आणि व्यवहाराचं बोलण्याआधी तिला पांदणीनं कोसभर चालवा. मागे राहून ठसे बघा.

पोराला अजून सांगितलेलं नाही.