तुम्ही विचारलंत म्हणून: विचित्र वास आला, म्हणजे भूकंप येणार का?

हवेत अचानक सडक्या अंड्यांसारखा, गंधकासारखा किंवा जळक्या रबरासारखा वास सुटतो. तो कुठून येतोय याचा पत्ता लागत नाही आणि मग हमखास विचारणा होते: हे भूकंपाचं लक्षण तर नाही ना?

नाही. भाकीत म्हणजे तीन गोष्टी आधी सांगायच्या: कुठे, कधी आणि किती मोठा. वासावरून या तिन्ही सांगता आल्या आणि ते तपासात टिकलं, असं एकही उदाहरण नाही.

प्रश्न मात्र रास्त आहे. खडकांवर ताण वाढला की बारीक भेगा पडतात आणि त्यांत कोंडलेला वायू सुटतो, ही शक्यता शास्त्रज्ञांनी फार गांभीर्याने तपासली आहे. १९६६ च्या ताश्कंद भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरींच्या पाण्यात रेडॉन या किरणोत्सारी वायूचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. १९९५ च्या कोबे भूकंपाच्या बाबतीतही अशा नोंदी पुढे आल्या. पण रेडॉनला ना वास ना रंग. तो यंत्रालाच कळतो. शिवाय दर ३.८ दिवसांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं, त्यामुळे कित्येक किलोमीटर खोलवरचा रेडॉन हळूहळू झिरपत वर येईपर्यंत फारसा उरतच नाही. पाऊस पडला, हवेचा दाब बदलला, तरी जमिनीलगतचं त्याचं प्रमाण खालीवर होतं. २००९ मध्ये इटलीत जाम्पाओलो जुलियानी या तंत्रज्ञाने रेडॉनच्या मोजमापावरून भूकंपाचा इशारा दिला होता. तो सुल्मोना या शहरासाठी असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ६ एप्रिलला भूकंप झाला तो लाक्विला या दुसऱ्या शहरात. त्या इशाऱ्यावरून सुल्मोना रिकामं केलं असतं, तर लोक आसऱ्याला कदाचित लाक्विलातच गेले असते. जागा चुकलेला इशारा म्हणूनच धोक्याचा.

ओझोनचं वेगळं आहे, त्याला तिखट वास असतो. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात ग्रॅनाइट, बेसॉल्ट असे खडक बंद कक्षात फोडून पाहिले, तेव्हा ओझोन तयार झाला. प्रयोग चांगला होता. पण ओझोन जे समोर येईल त्याच्याशी रासायनिक क्रिया करून संपतो, आणि भूकंपाचं केंद्र बहुतेकदा जमिनीखाली काही किलोमीटरवर असतं. मधली माती आणि पाणी ओलांडून तो नाकापर्यंत पोचेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

वासाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जपानमधलं. जून २०२० पासून टोकियोच्या दक्षिणेला, मिउरा द्वीपकल्पात आणि योकोसुका परिसरात, रबर किंवा गॅससारखा वास येत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त करणारा १९२३ चा कांतो भूकंप तिथे कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे चर्चा लगेच भूकंपाकडे वळली. ऑक्टोबरमध्ये योकोहामात वास येत असतानाच हवेचे नमुने घेतले गेले. त्यांत आयसोपेंटेन, पेंटेन आणि ब्युटेन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. पेट्रोलच्या वाफेत हेच घटक असतात. वासानंतर १९२३ सारखा भूकंप काही आला नाही.

मग "वास आला आणि नंतर खरंच भूकंप झाला" असं लोक सांगतात, ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. फक्त हिशेब अर्धवट असतो. पूर्ण हिशेबाला चार रकाने लागतात: वास आला आणि भूकंप झाला; वास आला पण भूकंप नाही; वास नाही पण भूकंप झाला; दोन्ही नाही. लक्षात राहतो तो पहिलाच. गटारीचा वास आला आणि पुढे काहीच झालं नाही, असे दिवस कोण लिहून ठेवतो? त्यात जगभर दरवर्षी ५ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे दीड हजारांच्या आसपास भूकंप होतात, म्हणजे रोज साधारण चार. "महिन्याभरात कुठेतरी हादरा बसेल" हे भाकीत वास न घेताही खरं ठरेल.

बहुतेक विचित्र वासांचं कारण जवळच असतं. थंड, निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर आणि रसायनांची वाफ त्याखाली अडकते, जमिनीलगत लांबवर सरकते आणि सकाळी ऊन तापल्यावर विरते. फक्त घरातच सडक्या अंड्यांचा वास असेल, तर क्वचित वापरल्या जाणाऱ्या मोरीच्या ट्रॅपमधलं (पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी आटलेलं असू शकतं. तांब्याभर पाणी ओतलं की गटारीच्या हवेची वाट बंद होते.

वासाचा माग काढायचा असेल तर नोंद अशी करा: वेळ मिनिटासह, जागा, वारा कुठून कुठे वाहतोय, तीव्रता ० ते ५, वास कशासारखा आणि कधी थांबला. काही मिनिटांत नाक सरावतं, म्हणून मधे स्वच्छ हवेत जाऊन पुन्हा वास घ्या. मग निरनिराळ्या भागांतल्या वेळा जुळवा. सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा १ किलोमीटर जायला साडेपाच मिनिटं घेतो. नोंदी या वेगाने वाऱ्याच्या दिशेने सरकत गेल्या, तर उगम एकाच ठिकाणी आहे आणि वाऱ्याच्या उलट दिशेला सापडेल. अनेक ठिकाणी एकाच वेळी जमिनीतून वायू सुटत असता, तर नोंदी अशा ओळीने पुढे सरकल्या नसत्या. प्रयोगशाळेत तपासायचा नमुना वास येत असतानाच, त्यासाठीच्या पिशवीत किंवा निर्वात स्टीलच्या डब्यात घ्यावा लागतो. तासाभराने घेतलेल्या नमुन्यात काही सापडत नाही.

सडक्या अंड्यांच्या वासाबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो, पण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेला की घ्राणशक्तीच बधिर होते. टाकीत, मॅनहोलपाशी वा तळघरात वास अचानक "गेला", तर तो विरला असं समजू नका. आधी बाहेर पडा.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. हवेत साधारण २ टक्के झाला की ठिणगी पुरते. वास आला तर कुठलंही बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि फोन बाहेरूनच.

वासाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते भूकंपानंतर. नळ्या निखळतात, गटारं फुटतात, काही ठिकाणी वाळू-चिखल वर उसळून गाळाचा कुजकट वास पसरतो. नेमकं काय फुटलंय हे कळेपर्यंत काडी, मेणबत्ती पेटवू नका. विजेरी लावायची तर बाहेरच लावून मग आत न्या. गॅस बंद असेल आणि वास नसेल तरी पुन्हा सुरू करताना प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले की लगेच बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. मोठा आफ्टरशॉक (भूकंपानंतरचा धक्का) बसला, तर हीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा, कारण पहिल्या धक्क्यात सैल झालेला जोड दुसऱ्यात सुटू शकतो.