न चिकटलेला दगड

समारंभाच्या अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी मस्कतला एका हॉस्पिटलच्या तळघरात एमआरआय यंत्राशेजारी उताणा पडून केबल तपासत होतो. ‘सगळ्याच शिक्षकांविषयी थोडं थोडं लिहा हं,’ असं बाईंनी मुद्दाम बजावलं होतं. रात्री लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीपासून सरच येऊन बसले. बाकीच्या गुरुजनांनी मोठ्या मनाने माफ करावं. सर म्हणजे कोणते सर, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

१९८७ च्या मे अखेरीस गोवा घटक राज्य झालं आणि जूनमध्ये आम्ही नववी ‘ब’मध्ये जाऊन बसलो. पुस्तक इंग्रजीत, सर शिकवायचे मराठीत आणि मागच्या बाकावर आमचं सगळं चालायचं कोंकणीत. त्या पावसात एकदा सरांनी फर्मान काढलं, उद्या प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची, चुंबकाला लावून बघायला. चुंबक कसला, तर जत्रेच्या नाटकाला आणलेला लाऊडस्पीकर फाटला होता, त्याच्या पाठचं काळं कडं. ते सरांनी कुठून पैदा केलं होतं देव जाणे. त्याला सुतळी बांधून ते खिडकीच्या गजाला टांगलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बाजारच भरला. तांब्याची लोटी, विळीचं पातं, कुळागरातली सुपारी, दोन स्टीलचे डबे, चिल्लर. दोन्ही डबे दिसायला जुळे भाऊ, पण एक चटकन चिकटला आणि दुसरा नाही. रुपयाचं नाणं चिकटलं नाही. सर म्हणाले, हे तांबं आणि निकेल मिळून केलेलं आहे. निकेल एकटं असतं तर चिकटलं असतं, तांब्याच्या संगतीत त्याने तो गुण सोडला. (पुढे १९९२ मध्ये स्टीलचा रुपया आला. तो चिकटतो. सुट्टीत घरी आलो की मी अजून करून बघतो.)

मी आणला होता दगड. बाबा जेटीवर वजनाच्या हिशेबाला होते. खाणीवरून आलेला माल तिथे बार्जमध्ये भरायचा, मग मांडवीतून मुरगावला आणि तिथून जपानला. आमच्या घराच्या कौलांपासून वहीच्या पानांपर्यंत सगळीकडे ती तांबडी धूळ. त्या ढिगातला मुठीएवढा, जड, गुळगुळीत दगड मी निवडला होता. जपानी लोक बोटी भरभरून नेतात ते काय उगाच? बाकावरच्या मित्राशी पैज लागली. दगड चिकटला तर तो मला पातळभाजी-पाव खाऊ घालणार, नाही चिकटला तर मी त्याला.

दगड कड्याशी नेला. काही नाही. उलटा केला, घासला, दुसरं टोक लावलं. काहीच नाही. ‘चिकटना रे!’ मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा वर्ग खिदळला. लोखंडाच्या खाणीत लोखंडच नाही म्हणे! माझे कान तापले. बाबांची आयुष्यभराची नोकरीच खोटी ठरल्यासारखं वाटलं.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी दगड हातात तोलला, बिनझिलईच्या फरशीवर घासला आणि उमटलेली लाल रेघ दाखवली. ‘हेमॅटाइट. यात लोखंड आहे, भरपूर आहे. न चिकटणारं सगळं एकाच पोत्यात भरू नका.’

मग त्यांनी आम्हालाच उभं केलं. एकेक मूल म्हणजे वस्तूतला एकेक अणू, इवलासा चुंबकच. चार मुलं चार दिशांना तोंडं करून, जत्रेतल्या गर्दीसारखी. चुंबक आला की जरा इकडे वळतात, गेला की पुन्हा आपापल्या नादात. ते समचुंबकीय, म्हणजे पॅरामॅग्नेटिक, ॲल्युमिनिअम त्यातलं. प्रार्थनेच्या रांगेसारखी सगळी एकाच दिशेला, आणि चुंबक काढून घेतला तरी बरीचशी तशीच उभी राहणारी, ती लोहचुंबकीय. लोखंड, कोबाल्ट, निकेल. मग मला आणि माझ्या मित्राला पुढे बोलावून पाठीला पाठ लावून उभं केलं. ‘दोघांतही जोर आहे, पण एकाचं तोंड मांडवीकडे, दुसऱ्याचं सह्याद्रीकडे. बेरीज जवळजवळ शून्य. हा तुझा दगड.’ जवळजवळ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. हेमॅटाइटमधली ती जोडी किंचित तिरकी उभी असते, म्हणून थोडंसं चुंबकत्व उरतं, पण ते आपल्या कड्याला कळत नाही. पाठीला पाठ लावणाऱ्या या जातीचा शोध लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावला आणि १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

मग एक तिसरा मुलगा आणून माझ्या शेजारी उभा केला. ‘आता हा मॅग्नेटाइट, लोखंडाचंच दुसरं खनिज. दोघे एकमेकांना खाऊन टाकतात, तिसरा उरतो. म्हणून हा चिकटतो.’ पुढे इंजिनिअरिंगला स्पिनेलची, म्हणजे मॅग्नेटाइटसारख्या स्फटिकांची, रचना शिकलो तेव्हा कळलं की त्या तीन पोरांत काहीच खोटं नव्हतं. मॅग्नेटाइटच्या तीन लोह-आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या लोखंडाच्या अणूंचा, हिशेब असाच जुळतो.

मी म्हटलं, ‘सर, मग तिसरा माझ्या दगडात घाला ना.’ चेष्टेत म्हटलं होतं. सर म्हणाले, ‘शनिवारी शाळा सुटल्यावर थांब.’

शाळेमागच्या उतारावरची लोहारसाळ जुन्या मंडळींना आठवत असेल. आम्ही दगड कुटून वस्त्रगाळ केला आणि कोळशाच्या पुडीत मिसळून पणतीत भरला. वर दुसरी पणती पालथी घालून सांधा चिखलाने लिंपला. मी पत्र्याची डबी आणली होती, ती सरांनी परत केली. तापलेल्या पत्र्याचे पापुद्रे सुटतात, तेच चुंबकाला चिकटतील आणि मग दगड चिकटला की डबी, कोण सांगणार? सर म्हटलं की मला अजून ती परत केलेली डबी आठवते.

पणती निखाऱ्यात पुरली. तोवर लोहाराने लालभडक कोयता बाहेर काढला तशी सरांनी सुतळीला टांगलेलं कडं त्याच्याजवळ नेलं. कडं ढिम्म. लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की प्रार्थनेची रांग मोडते, सगळे जत्रेत पांगतात. कोयत्याची लाली उतरत उतरत करडी झाली आणि कडं एकदम झोकांडी खाऊन त्याच्याकडे झेपावलं. सरांनी झटक्यात मागे ओढलं. तापलं तर तेही आपला गुण विसरेल म्हणाले.

पणती थंड व्हायला दुपार कलली. फोडली, तर आत तांबडं काहीच नाही, काळी भुकटी. कागदावर पसरून खालून कडं फिरवलं आणि भुकटीला काटे फुटले. साळिंदराला फुटावेत तसे, कड्याबरोबर पळणारे. कोळशाने दगडातला थोडा ऑक्सिजन काढून घेतला होता आणि हेमॅटाइटचा मॅग्नेटाइट झाला होता. माझा तिसरा पोरगा आला होता! लोहारसुद्धा भाता सोडून बघत राहिला. वर सरांनी सांगितलं की हे काळं कडंही तुझ्या दगडाचं भाऊबंदच आहे. अशाच तांबड्या लोह-ऑक्साइडमध्ये बेरियम नाहीतर स्ट्रॉन्शियमचा क्षार मिसळून भाजून करतात.

तांब्याच्या लोटीचं काय, हे विचारायचं राहून गेलं होतं. ते सोमवारी कळलं. तांबं, पाणी, सुपारी, लाकूड ही सगळी चुंबकापासून दूर सरतात, पण इतकी हळू की आपल्याला दिसत नाही. ही प्रतिचुंबकीय जात. १८४५ मध्ये फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने आधी काचेचा तुकडा आणि मग मांस, सफरचंद असं काय काय चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगून पाहिलं आणि लिहून ठेवलं की माणूस तसा टांगता आला तर तोही आडवाच वळेल. आमची हसून पुरेवाट झाली.

१९९७ मध्ये हॉलंडात आंद्रे गाइम वगैरे शास्त्रज्ञांनी १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) चुंबकात जिवंत बेडूक हवेत तरंगत ठेवला. ते कात्रण मी सरांना पाठवलं. आंतर्देशीय पत्रावर उत्तर आलं, त्यात पहिलीच ओळ, ‘बेडूक बरा आहे ना?’

आज पोटापाण्याला मीही चुंबकच सांभाळतो. माझी एमआरआय यंत्रं दीड टेस्लाची, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. हाडात टायटॅनिअमची पट्टी असेल तर यंत्र तिला ओढत नाही, ती समचुंबकीय. स्टीलची असेल तर डॉक्टर आधी कोणतं स्टील ते विचारतात. दोन जुळे डबे! मध्यंतरी एका आजोबांनी मला पकडलं. रक्तात लोह असतं ना, मग मी ओढला नाही का जाणार? त्यांना सांगितलं, की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय आणि ऑक्सिजन सोडलेलं समचुंबकीय; कुठलंच खिळ्यासारखं धावत नाही. ते निवांत आत गेले. ही शिकवण्याची हौस कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

गेल्या चवथीला आलो तेव्हा शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेला नवं कुलूप, आत मोठा पडदा, त्यावर बोट लावलं की चुंबकाच्या रेषा उमटतात. सुंदर दिसतात. खिडकीच्या गजाला काही टांगलेलं नव्हतं. लोहारसाळेच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. सर गेले तेव्हा मी परदेशात होतो, रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही.

ती भुकटी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेली अजून माझ्याकडे आहे. समारंभाला येताना आणतोय, कारण पैजेचा निकाल लागायचा आहे. मित्राचं म्हणणं, पैज दगडाची होती, भाजलेल्या भुकटीची नव्हे. माझं म्हणणं, लोखंड तेच होतं. सरांनी त्या वेळी निकाल द्यायला साफ नकार दिला होता आणि स्वतःच्या पैशाने आम्हा दोघांनाही पातळभाजी-पाव खाऊ घातला होता.