एकेचाळीस लिपस्टिक आणि नऊ दिवस अडकलेलं खोकं

बाबा एप्रिलअखेर निवृत्त झाले आणि लातूरचं भाड्याचं घर सोडायचं ठरलं. आई-बाबा गावी, औसा तालुक्यात. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीला. मला संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून घेतलं. सिडकोत खोली मिळाली ती दहा बाय बारा. ओटा त्यातच, कपडे त्यातच, आणि भिंतीत एकच फडताळ. लातूरला माझं तीन खणांचं ड्रेसिंग टेबल होतं आणि तिन्ही खण मेकअपनं भरलेले होते. "गावी राहू दे की," असं सगळे म्हणाले. पण गावच्या घरावर पत्रे आहेत. लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती मे महिन्यात तिथल्या कोनाड्यात वाकून पडलेली मी लहानपणापासून बघतेय. तिथं लिपस्टिक काय टिकणार?

मेकअप मला अकरावीपासून मनापासून आवडतो. क्लासला चालत जाऊन रिक्षाचे पैसे वाचवले आणि गंजगोलाईतल्या एका दुकानातून पहिली लिपस्टिक घेतली, ती विटकरी रंगाची. पुढं मामाच्या लग्नासाठी एक, पहिल्या पगाराची एक, अशा एकेचाळीस झाल्या. आई सगळ्यांना लालीच म्हणते. "कशाला लागतेत गं इतक्या लाल्या?" एवढंच विचारायची, पण तिनं एकही कधी फेकायला लावली नाही.

घरात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. त्यात मावेल तेवढंच संभाजीनगरला न्यायचं, असं ठरवलं.

निवडायला दोन रविवार लागले. ट्यूबलाइटखाली निवडू नका, तिथं सगळे रंग एकसारखे दिसतात. मी सकाळी गॅलरीत बसले, दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत एकेक रेघ ओढली आणि शेजारी पेनानं आकडा टाकला. रेघा सुकल्यावर कळलं की सात लिपस्टिक एकाच मरून रंगाच्या आहेत. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, किमती दीडशेपासून नऊशेपर्यंत, आणि हातावर रेघ एकच. दरवेळी मरून साडीसाठी म्हणून नवी घेत गेले होते. त्यातली सगळ्यात झिजलेली ठेवली, कारण हात आपोआप तिच्याकडेच जात होता. हा नियम मला पुढं सगळीकडे उपयोगी पडला. जे झिजलंय ते आपलं.

तारखांचं काम सोपं गेलं. आपल्याकडच्या मालावर बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापलेलं असतं. बाहेरून आलेल्या डब्यांवर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6एम, 12एम असं लिहिलेलं असतं. म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. मस्कारा आणि लिक्विड लायनर उघडून तीन-चार महिने झाले असतील तर विचार न करता टाका, आणि उघडलेला मस्कारा किंवा लायनर दुसऱ्याला देऊ नका. लॅबमध्ये रोज जंतूच बघते, म्हणून हे इतकं ठामपणे सांगते.

तारीख उलटलेलं टाकल्यावर उरलेलं मावसबहिणीला द्यायचं होतं. ती पुण्यात पार्लरचा कोर्स करतेय आणि सरावाला सामान विकत घेणं तिला जड जातं. एकोणीस लिपस्टिक, पाच आयशॅडो पॅलेट, चार ब्लश, दोन कॉम्पॅक्ट, चौदा नेलपेंट, दोन परफ्यूम, एक सेटिंग स्प्रे. प्रत्येक लिपस्टिकचा वरचा थर टिश्यूनं काढला आणि 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. पावडरींवर तेच अल्कोहोल फवारून वाळवलं. जुन्या पेपरात एकेक डबी गुंडाळली. सगळं नीट केलं होतं.

आणि मग कुरिअर. हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळंच.

भाऊ दोन दिवसांसाठी आला होता, त्याच्या मोटरसायकलवर खोकं घेऊन गेलो. फॉर्मवर 'वस्तूंचे वर्णन' म्हणून एक ओळ असते. मी काळ्या पेनानं लिहिलं, 'मेकअपचे सामान, लिपस्टिक, नेलपेंट, परफ्यूम'. काउंटरवरच्या माणसानं ते वाचलं, निळ्या पेनानं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'गिफ्ट आयटम'. मी म्हटलं, "भाऊ, आत परफ्यूम आहेत, चालतं ना?" तो म्हणाला, "चालतंय मॅडम, असं लिहिलं की लवकर जातंय." भावाच्या मोबाइल नंबरवर पावती केली, 380 रुपये घेतले. फॉर्मवरची ही खाडाखोड मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळं या एका ओळीवर आलं.

तिसऱ्या दिवशी भावाला मेसेज आला, 'शिपमेंट ऑन होल्ड'. तोपर्यंत तो हैदराबादला परत गेलेला. मी फोन लावला, बटणं दाबली, वीस-वीस मिनिटं गाणं ऐकलं. पाचव्या दिवशी एका बाईंनी सांगितलं की खोक्यात ज्वलनशील द्रव आहे, म्हणून पार्सल परत लातूरच्या गोदामाला पाठवलंय.

त्यांचं म्हणणं खरं होतं. नेलपेंटमध्ये इथाइल आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेट असतं, रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन, परफ्यूममध्ये आणि बऱ्याच सेटिंग स्प्रेमध्ये अल्कोहोल. हे सगळं पेट घेतं. मालवाहतुकीत ते ज्वलनशील द्रवातच मोडतं आणि बरेच कुरिअरवाले ते साध्या पार्सलात घेत नाहीत. रोज अल्कोहोल हाताळणारी मी, माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि म्हणूनच तर मी काउंटरवर विचारलं होतं.

गोदाम शहराबाहेर. सहाव्या दिवशी रिक्षानं गेले. पावती भावाच्या नावावर, म्हणून खोकं द्यायला नकार. त्याचं अधिकारपत्र आणि आधारची प्रत आणा म्हणाले. भावानं रात्री लिहून फोटो पाठवला, मी सकाळी झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि परत गेले. तिथला माणूस म्हणाला, फोटोची प्रिंट चालत नाही, सही ओरिजिनल पाहिजे. आठव्या दिवशी रविवार. नवव्या दिवशी भावाच्या एका मित्राबरोबर सहीचा कागद हैदराबादहून आला, तेव्हा खोकं हातात पडलं. आणि वर मलाच ऐकवलं, "मॅडम, तुम्ही वर्णन खोटं लिहिलं, गिफ्ट आयटम. दंड लावला नाही हेच खूप." मी फॉर्मवरची काळी ओळ दाखवली. निळी ओळ दाखवली. तो म्हणाला, "ते आम्हाला काय माहीत कुणी लिहिलं." माझे डोळे भरून आले. खोटेपणाचा ठपका मला आजही सहन होत नाही.

खोकं नऊ दिवसांतले निदान चार त्या गोदामात, पत्र्याखाली होतं. बाहेर पारा 41 वर. रिक्षातच टेप फाडली. पहिल्या लिपस्टिकची टोपी काढली तर कांडी टोपीलाच चिकटून मुळापासून तुटून आली. दुसरी वाकून एका बाजूला टेकलेली, अंगावर तेलाचे बारीक थेंब, घाम आल्यासारखे. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. तेल बहुतेकदा एरंडेल, आजी काजळ धरायला लावायची तेच. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, पण तेल मिसळलेली कांडी त्याच्या बरीच आधी मऊ पडते आणि तेल बाहेर टाकते. दोन ब्लशचा चुरा झालेला. मरून रंगाच्या सहा लिपस्टिक मी मुद्दाम बहिणीसाठी घातल्या होत्या, नवरीच्या मेकअपला लागतात म्हणून. त्यातल्या चार गेल्या होत्या.

घर आवरायला दोन दिवस उरले होते. भांडी बांधलेली. आईनं एक पातेलं आणि स्टीलच्या दोन वाट्या परत बाहेर काढून दिल्या, न मागता. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वाटीत एकेका कांडीचा तुटका गोळा टाकला, वितळला की सात खणांच्या गोळ्यांच्या डब्यांत ओतला, मेडिकलमध्ये आठवड्याच्या औषधांना मिळतात त्या. प्रत्येक खणाला चिठ्ठी लावली. एकोणीसपैकी सतरा लिपस्टिक वाचल्या. दोनांना खवट वास येत होता, त्या टाकल्या. ब्लशच्या चुऱ्यात अल्कोहोलचे थेंब टाकून टिश्यूवरून रुपयाच्या नाण्यानं दाबलं, रात्रभर वाळवलं, सकाळी टणक. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "हे तर मेणाच्या कुंकवासारखंच करायलीस." खरंच तसंच होतं.

बहिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "ताई, क्लासमध्ये सगळ्यांना अशीच पॅलेट पाहिजेय." पार्लरवाल्या लिपस्टिक अशाच ठेवतात, ब्रशनं घ्यायला बरं पडतं. आधीच असं केलं असतं तर खोकंही अर्ध्या आकाराचं झालं असतं. मावशी एका लग्नाला लातूरला आली होती, तिच्याच पिशवीतून सगळं पुण्याला गेलं. नेलपेंट गल्लीतल्या मुलींना वाटले, एक परफ्यूम आईला दिला, एक मी ठेवला.

तेव्हा पार्सल करायचंच असेल तर नेलपेंट, रिमूव्हर, परफ्यूम आणि स्प्रेचे डबे आधीच बाजूला काढून ओळखीत देऊन टाका. वर्णन स्वतःच्या अक्षरात लिहा, कुणाला खोडू देऊ नका, आणि पैसे द्यायच्या आधी फॉर्मचा फोटो काढा. पावती ज्याला गोदामावर जाता येईल त्याच्याच नावावर. मे महिन्यात मराठवाड्यातून मेणाचं काही पाठवू नका, जूनमध्ये दोन पाऊस पडू द्या.

ब्रशबद्दल राहिलं. बावीस होते, सहा ठेवले. धुवायला पाणी लागतं हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी ब्रशला हात लावला नव्हता. इथं आमच्या भागातही नळ रोज येत नाही. सहा ब्रश एका तांब्यात धुऊन होतात.

डब्यात आता नऊ लिपस्टिक, एक पॅलेट, काजळ, कॉम्पॅक्ट, सहा ब्रश आणि आजीची मेणाची पितळी डबी आहे. ती डबी मी वापरत नाही, पण तिची जागा पहिल्या दिवशीच ठरली होती. झाकण व्यवस्थित लागतं. डबा फडताळात खालच्या कप्प्यात, खिडकीपासून लांब, ओल्या फडक्यावर ठेवलेल्या माठाशेजारी, तिथं दुपारीही गार असतं.

कुरिअरवाल्यांकडे 380 रुपये परत मागण्याचा अर्ज दिलाय. त्यावर वर्णनाची ओळ आली तेव्हा पुन्हा तेच लिहिलं, मेकअपचे सामान, लिपस्टिक, नेलपेंट, परफ्यूम, आणि या वेळी पोच घेतली. दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. पुढच्या रविवारी लातूरला जाणार आहे, तेव्हा काउंटरवर जाऊन येईन.