तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या बैठका मारून मागची मांडी का भरत नाही?

आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. परवा भाच्याने विचारलं, रोज दोनशे बैठका काढतो मावशी, पुढची मांडी टणक झालीये, पण मागून पॅन्ट अजून लोंबतेच, असं का?

माझं पण तेच झालेलं. शाळेत खो-खो खेळायचे आणि पायाचा व्यायाम म्हणजे बैठका, बास, दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. बारावीत एका मॅचला खो मिळाला, उठून सुसाट निघाले आणि तिसऱ्या पावलाला मांडीच्या मागे असं काही बसलं की कुणी दगड मारला का म्हणून मी चक्क वळून बघितलं. सगळे म्हणाले शीर आखडली. शीरबीर काही नाही, हॅमस्ट्रिंग गेलेला, पण हा शब्द मी ऐकला तो थेट पस्तिशीत जिम लावल्यावर.

तर हॅमस्ट्रिंग म्हणजे एक स्नायू नाही, तीन आहेत. बसल्यावर जे हाड खाली टेकतं ना, तिथून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात (एकाचा छोटा फाटा तेवढा मांडीच्या हाडावरूनच निघतो, त्याचा खुब्याशी संबंध नाही). म्हणजे कामं दोन, गुडघा दुमडायचा आणि कमरेतून वाकलेलं शरीर सरळ करायचं. आता बैठकेतून उठताना काय होतं बघा, खुब्याकडे हा स्नायू आखडतो आणि त्याच वेळी गुडघा सरळ होतो म्हणून तिकडून ताणला जातो, एकूण लांबी जवळपास तेवढीच, म्हणजे बिचारा नुसता हजेरी लावतो, खरी मेहनत पुढची मांडी आणि नितंब करतात. जपानमध्ये 2019 साली एक अभ्यास आला, पोरांनी 10 आठवडे वजन घेऊन स्क्वॉट (म्हणजे बैठकाच) मारले, काहींनी पूर्ण खाली बसून, काहींनी अर्धे. पुढच्या मांड्या दोन्हीकडे वाढल्या, हॅमस्ट्रिंग मात्र दोन्हीकडे जैसे थे. हे वाचून मला आमचे शाळेतले सर आठवले, असो.

मग करायचं काय? गुडघा दुमडायचा एक व्यायाम आणि कमरेतून वाकायचा एक, दोन्ही हवेत, एकावर भागत नाही. पहिल्यासाठी लेग कर्ल, म्हणजे मशीनवर पायाने वजन ओढत गुडघा दुमडायचा. जिममध्ये पालथं झोपायचं आणि बसून करायचं अशी दोन मशीन असतील तर बसायचं धरा. हाही जपानमधलाच अभ्यास, 2021 चा, 12 आठवडे एका पायाने बसून आणि दुसऱ्याने पालथं झोपून कर्ल केले, तर बसलेल्या बाजूचा हॅमस्ट्रिंग सरासरी 14 टक्के वाढला, झोपलेल्या बाजूचा 9. कारण सोपं आहे, बसल्यावर खुब्यात घडी असते, स्नायू वरून आधीच ताणलेला असतो, आणि ताणलेल्या अवस्थेत काम दिलं की तो जास्त वाढतो. गंमत म्हणजे तो छोटा फाटा दोन्हीकडे सारखाच वाढला, कारण तो खुबा ओलांडतच नाही.

दुसऱ्यासाठी रोमानियन डेडलिफ्ट, हातात वजनाचा बार धरायचा, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, नितंब मागे ढकलत वाकायचं, मागे ताण जाणवला की थांबून वर. वजनाचा हट्ट नको, मी रिकाम्या बारने सुरुवात केलेली आणि तरी दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकताना देव आठवला. आठवड्यातून दोन दिवस पुरे. आणि महिनाभराने आरशात बघून रडू नका, आधी ताकद वाढते कारण मेंदू स्नायूला नीट वापरायला शिकतो, आकार दिसायला दोन-तीन महिने जातात.

जिम नसेल तर नॉर्डिक करा. गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि सरळ ताठ राहून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकायचं. फुटबॉलवाल्यांमध्ये याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झालेल्या आहेत, माझ्या शाळेत हे कुणाला माहीत असतं तर ती मॅच मी पूर्ण खेळले असते. आता माझे घोटे मुलगा धरतो, म्हणजे त्यावर बसून मोबाईल बघतो. अर्ध्यापर्यंत जाते हळू, पुढे दणकन हातांवर. तो मान वर न करता विचारतो, "पडलीस का? उठू मी?"